रडारला शंका येऊ द्या

पालीच्या बल्लाळेश्वराच्या देवळामागे सरसगडाचा कातळ उभा आहे. उंची सुमारे ४९० मीटर. किल्ला आटोपशीर, पण मोक्याचा. अंबा नदीच्या खोऱ्यावर आणि घाटावर चढणाऱ्या वाटांवर नजर ठेवायला याच्याइतकी सोयीची जागा जवळपास नाही. टेहळणीचे दोन नियम गडावरच्या पहारेकऱ्याला कोणी शिकवावे लागत नसत. उंचावरून लांबचे दिसते, पण डोंगराआडचे दिसत नाही, हा पहिला. रात्री मशाल पेटवणाऱ्याला चार पावले दिसतात आणि तो स्वतः मात्र साऱ्या मुलखाला दिसतो, हा दुसरा. विमानविरोधी रडार विसाव्या शतकात आले, तरी त्याला हेच दोन नियम लागू आहेत. लष्करी व्हिडिओ गेममधल्या रडारला मात्र ते फारसे लागू नसतात. पडद्याच्या कोपऱ्यात लाल ठिपका उमटतो, त्याभोवती चौकट येते, नेम बसल्याची शिटी वाजते आणि बटण दाबले की क्षेपणास्त्र सुटते. ठिपका कोणाचा, तो खरोखर विमानाचा आहे का, हा प्रश्न खेळणाऱ्याला पडतच नाही. अशा खेळांतल्या वास्तवाबद्दल आणि समतोलाबद्दल खेळाडू हिरिरीने वाद घालतात, पण तो बहुतेक वेळा पल्ला, वेग आणि स्फोटकाचे वजन यांभोवतीच फिरतो. माझ्या मते वाद चुकीच्या जागी चालला आहे. खऱ्या रडारचे वेगळेपण त्याच्या ताकदीपेक्षा त्याच्या अनिश्चिततेत आहे. खेळातल्या रडारला शंका येऊ दिली, तर वास्तवही येईल आणि ज्या समतोलासाठी एवढी ओढाताण चालते तोही बऱ्याच अंशी साधेल.

गेम न खेळणाऱ्या वाचकाने याची पर्वा का करावी, याचे उत्तर मे २०२५ मध्ये, भारत-पाकिस्तान संघर्षाच्या दिवसांत मिळाले. केंद्रीय गृह मंत्रालयाने ७ मे रोजी देशभर नागरी संरक्षणाचा सराव करण्याचे आदेश दिले, तेव्हा महाराष्ट्रातल्या ठिकाणांच्या यादीत उरण होते, अलिबागजवळचे थळ-वायशेत होते आणि पालीच्या शेजारचा रोहा-धाटाव-नागोठणे हा कारखान्यांचा पट्टाही होता. भोंगा वाजला तर काय करायचे, याची चर्चा रायगडच्या घराघरांत झाली. आकाश, आकाशतीर, एस-४०० ही हवाई संरक्षण यंत्रणांची नावे रोजच्या बोलण्यात आली. त्याच दिवसांत आर्मा ३ या खेळातली दृश्ये खऱ्या हवाई लढाईची म्हणून समाजमाध्यमांवर फिरली आणि पत्र सूचना कार्यालयाच्या तथ्य-पडताळणी विभागाला त्यांचा खुलासा करावा लागला. हा खेळ तयार करणाऱ्या बोहेमिया इंटरॅक्टिव्ह या चेक कंपनीवर नोव्हेंबर २०२२ मध्येच तशी वेळ आली होती. आपल्या खेळातली दृश्ये युद्धाच्या बातम्या म्हणून पसरत आहेत, ती कशी ओळखावीत, हे तिला जाहीरपणे सांगावे लागले. लोक फसले ते चित्रे हुबेहूब होती म्हणून, हे खरे. पण तेवढेच कारण नसावे. ठिपका, नेम, स्फोट असेच हवाई संरक्षण असते, ही समजूत आधीपासून मनात मुरलेली होती. ज्या यंत्रणेच्या भरवशावर आपली गावे आणि कारखाने उभे आहेत, तिच्याबद्दलची ही समजूत घडवण्यात खेळांचा वाटा मोठा आहे.

म्हणून आधी रडारच्या खऱ्या मर्यादा पाहू. पहिली क्षितिजाची. रडारच्या लहरी जवळजवळ सरळ जातात आणि पृथ्वी गोल आहे. हिशेब शाळेतल्या मुलालाही जमेल असा आहे: अँटेनाच्या आणि विमानाच्या मीटरमधल्या उंचीची वर्गमुळे काढावीत, त्यांच्या बेरजेला ४.१२ ने गुणावे, की सपाट मुलखात ते विमान किती किलोमीटरवर दिसू लागेल हे कळते. वातावरणात लहरी किंचित वाकतात, तेही यात धरलेले आहे. अँटेना १० मीटरवर असेल, तर १० किलोमीटर उंचीवरचे विमान सुमारे ४२५ किलोमीटरवरून दिसू शकते. तेच विमान १०० मीटरवर उतरले, की हे अंतर ५४ किलोमीटरवर येते. ताशी ९०० किलोमीटर वेगाने येणारे विमान हे अंतर साडेतीन मिनिटांत कापते. म्हणजे क्षेपणास्त्राचा पल्ला चारशे किलोमीटर असला, तरी जमिनीलगत येणाऱ्या विमानापुढे रडारवरच्या माणसाच्या हाती उरतात ती साडेतीन मिनिटे. हीच अँटेना सरसगडाच्या माथ्यावर नेली, तर १०० मीटरवरून येणारे विमान समुद्राच्या बाजूला १३० किलोमीटरवर दिसू लागेल आणि हाती जवळपास नऊ मिनिटे येतील. पूर्वेला मात्र सह्याद्रीची भिंत आहे. घाटमाथ्यापलीकडे, मुळशीच्या बाजूला डोंगराच्या आडोशाने कोणी उडत असेल, तर गडावरच्या रडारलाही ते दिसणार नाही. आणि रडार खाली पाली गावातच ठेवले, तर त्याच्या पाठीशी सरसगडच आडवा येईल. यंत्र एकच, पण जागा बदलली की त्याची किंमत बदलते. नकाशावर एक गोल वर्तुळ काढून ‘हा रडारचा पल्ला’ असे सांगणारा खेळ इथेच वास्तवापासून सुटतो.

दुसरी मर्यादा गोंधळाची. रडारकडे परत येणाऱ्या लहरींत विमानाचा प्रतिध्वनी फार क्षीण असतो. त्याच्याभोवती डोंगर, लाटा, पक्षी आणि पाऊस यांचे प्रतिध्वनी दाटलेले असतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा हवामान खात्याच्या डॉप्लर रडारची चित्रे घरोघरी पाहिली गेली. हवामानशास्त्रज्ञाला त्या चित्रातला पाऊस हवा असतो. हवाई संरक्षणाच्या रडारला तोच पाऊस चाळून टाकायचा असतो. ही चाळण डॉप्लर तत्त्वावर चालते. जवळ येणाऱ्या किंवा दूर जाणाऱ्या वस्तूवरून परतणाऱ्या लहरींची वारंवारता बदलते; स्थिर डोंगरावरून परतणाऱ्या लहरींची बदलत नाही. पण वैमानिकाने विमान रडारला काटकोनात आडवे वळवले, की त्याचे जवळ येणेही थांबते आणि दूर जाणेही. काही क्षण ते डोंगराच्या प्रतिध्वनीत मिसळून जाते. त्याच वेळी धातूचा मुलामा दिलेल्या बारीक पट्ट्या हवेत सोडल्या, तर पडद्यावर खोटे ठिपके उमटतात. छुप्या विमानांबद्दलची समजूतही तपासून घेतली पाहिजे. रडारची पोच प्रतिध्वनीच्या चौथ्या मुळाने घटते. पोच निम्मी करायची, तर विमानाचे लहरी परतवणारे क्षेत्र सोळाव्या हिश्शावर आणावे लागते. त्यामुळे छुपे विमान अदृश्य होत नाही, ते उशिरा दिसते. खेळात ते एक तर दिसते किंवा मुळीच दिसत नाही. मधला धूसर पट्टा, जिथे खरी लढाई होते, तो गायब असतो.

तिसरी मर्यादा सर्वांत गंभीर, आणि तीच खेळांनी सर्वांत सहजपणे पुसून टाकली आहे. दिसलेला ठिपका आपला की परक्याचा? २७ फेब्रुवारी २०१९ च्या सकाळी, बालाकोटवरच्या भारतीय हवाई हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी, श्रीनगर विमानतळावरच्या भारतीय क्षेपणास्त्राने बडगामच्या आकाशात भारतीय हवाई दलाचेच एमआय-१७ हेलिकॉप्टर पाडले. हवाई दलाचे सहा जण आणि जमिनीवरचा एक नागरिक मरण पावला. त्या सहांत नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे होते. चौकशीनंतर ऑक्टोबर २०१९ मध्ये हवाई दल प्रमुख आर. के. एस. भदौरिया यांनी ही मोठी चूक असल्याचे जाहीरपणे मान्य केले. जगाचा अनुभवही हाच आहे. ३ जुलै १९८८ रोजी इराणच्या आखातात अमेरिकेच्या ‘विन्सेन्स’ या युद्धनौकेने इराण एअरचे प्रवासी विमान पाडले. २९० माणसे गेली. त्या काळातली सर्वांत प्रगत रडार यंत्रणा त्या नौकेवर होती आणि विमान वर चढत असल्याची नोंदही यंत्रणेत बरोबर होती. तणावाखालच्या माणसांनी ते खाली झेपावत आहे असे मानले. ८ जानेवारी २०२० रोजी तेहरानजवळ इराणच्याच क्षेपणास्त्रांनी युक्रेनचे प्रवासी विमान पाडले आणि १७६ जण मृत्युमुखी पडले. या तिन्ही घटनांत रडार आंधळे नव्हते. ठिपका दिसला होता. तो कोण हे ठरवण्यात माणसे चुकली. खेळात मात्र शत्रू लाल आणि आपला निळा. ज्या एका प्रश्नावर शेकडो प्राण गेले, त्याचे उत्तर खेळाडूला रंगवून हातात दिले जाते.

चौथी मर्यादा मशालीची. रडार लहरी फेकते, म्हणून स्वतःची जागाही सांगते. जून १९८२ मध्ये लेबनॉनच्या बेका खोऱ्यात इस्रायलने आधी वैमानिकरहित विमाने आमिष म्हणून पाठवली. सीरियाची रडारे जागी झाली आणि त्यांची ठिकाणे उघडी पडताच क्षेपणास्त्रांचे तळ उद्ध्वस्त झाले. भारतानेही ऑक्टोबर २०२० मध्ये रुद्रम-१ या, रडारच्या लहरींचाच माग काढणाऱ्या, क्षेपणास्त्राची चाचणी घेतली. ८ मे २०२५ रोजी पाकिस्तानातली हवाई संरक्षणाची रडारे लक्ष्य केल्याचे आणि लाहोरची यंत्रणा निकामी केल्याचे आपल्या संरक्षण मंत्रालयाने जाहीर केले. उलट उदाहरण सर्बियाचे. २७ मार्च १९९९ रोजी तिथल्या एका तुकडीने एस-१२५ या जुन्या सोव्हिएत क्षेपणास्त्राने अमेरिकेचे एफ-११७ हे छुपे विमान पाडले. ती तुकडी रडार अगदी थोडे सेकंद सुरू ठेवत असे आणि जागा सतत बदलत असे. यंत्र जुने, समोरचे विमान जगातल्या आधुनिक विमानांपैकी एक. तरी अंधारात बसण्याच्या शिस्तीने डाव उलटवला. बेका आणि सर्बिया या दोन घटना शेजारी ठेवल्या, की दिसते की आकाश आणि जमीन यांच्यातला समतोल कोणी बाहेरून ठरवलेला नाही. तो रडारच्या स्वभावातच आहे. पाहायचे असेल तर दिसावे लागते. लपायचे असेल तर पाहणे सोडावे लागते.

आता खेळांकडे वळू. न्यायाने बोलायचे तर सगळे खेळ सारखे नाहीत. बॅटलफील्ड ४ मध्ये जमिनीलगत उडणारे विमान रडारपासून लपण्याची सोय होती. आर्मा ३ मध्ये २०१७ च्या सुधारणेनंतर रडार चालू-बंद करता येऊ लागले आणि चालू ठेवणारा प्रतिस्पर्ध्याला दिसू लागला. वॉर थंडरमध्ये डॉप्लरचे आणि धातूच्या पट्ट्यांचे अनुकरण बऱ्यापैकी आहे, डीसीएस वर्ल्डमध्ये त्याहून बारीक. म्हणजे हे जमणार नाही असे कोणी म्हणू शकत नाही. अडचण येते ती समतोल साधण्याच्या पद्धतीत. वॉर थंडरसारख्या खेळात प्रत्येक वाहनाला एक दर्जा दिलेला असतो आणि खेळाडूंच्या कामगिरीनुसार तो वरखाली केला जातो. पँटसीर या रशियन यंत्रणेच्या लांब पल्ल्यावरून तिथे वर्षानुवर्षे तक्रारी झाल्या. अशा वेळी उपाय ठरलेले असतात: दर्जा वाढवा, दुसऱ्या देशालाही तोडीचे यंत्र द्या, नाहीतर आकड्यांना कात्री लावा. यातून वैमानिक नाराज होतात, मग जमिनीवरचे नाराज होतात, आणि चक्र पुन्हा सुरू होते. कारण ज्या रडारला शंका नाही, गोंधळ नाही आणि चालू ठेवण्याची किंमतही नाही, ते आकड्यांनी कितीही छाटले तरी सर्वज्ञच राहते. सर्वज्ञ यंत्राशी समतोल साधायचा, तर त्याला खोटेपणाने दुबळे करावे लागते. त्यापेक्षा त्याचे खरे दुबळेपण त्याला परत दिले, तर वैमानिकाला दरी, पाऊस, काटकोनी वळण आणि आमिष ही हत्यारे मिळतील. जमिनीवरच्याला उंचवटा, अंधार आणि संयम ही.

यावर पहिला आक्षेप कंटाळ्याचा आहे. खऱ्या रडारवरचा माणूस तासन्‌तास रिकाम्या पडद्याकडे पाहत बसतो. असला खेळ कोण खेळणार? आक्षेपात तथ्य आहे, म्हणूनच वेळ आखूड करावा. कादंबरीकार नायकाची प्रत्येक झोप लिहीत नाही, तसे खेळानेही रिकामे तास गाळावेत. पण शंका गाळू नये. वर काढलेली साडेतीन मिनिटे आठवावीत: ठिपका दिसल्यापासून डोक्यावर येईपर्यंतचा हा अवधी खेळाच्या मापात अगदी नेमका बसतो. त्यात उंची पाहायची, वेग पाहायचा, ओळखीचा संकेत मागायचा, उत्तर आले नाही तर ते यंत्र बिघडले म्हणून की समोर शत्रू आहे म्हणून, हे ताडायचे, उरलेली क्षेपणास्त्रे मोजायची आणि ठरवायचे. यात ताण कमी आहे असे कोण म्हणेल? ज्यांना नुसते बटण दाबायचे आहे त्यांच्यासाठी सोपा प्रकार वेगळा ठेवता येईल. पण वास्तवाचा शिक्का ज्या खेळावर मारलेला असतो, त्याने निदान हा प्रश्न तरी खेळाडूपुढे ठेवला पाहिजे.

दुसरा आक्षेप गुप्ततेचा. रडारचे खरे वागणे खेळात आणायचे, तर लष्करी गुपिते लागतील. हा धोका काल्पनिक नाही. वॉर थंडरच्या खेळाडूंनी आपले म्हणणे खरे ठरवण्यासाठी २०२१ मध्ये आधी ब्रिटनच्या चॅलेंजर-२ आणि नंतर फ्रान्सच्या लेक्लेर्क या रणगाड्यांची संरक्षित कागदपत्रे उघड केली होती. पण ती कशासाठी, हे पाहावे. आकड्यांसाठी. वास्तव म्हणजे नेमका आकडा, ही समजूत घट्ट झाली की माणूस त्या आकड्यासाठी गुप्त कागदापर्यंत पोचतो. याउलट क्षितिजाचे वर्गमूळ, चौथ्या मुळाचा नियम, डॉप्लर, डोंगराची सावली हे सगळे अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकात आहे. डोंगरांच्या उंचीचा तपशीलही उघड आहे. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकी अवकाशयानाने रडारनेच मोजलेला पृथ्वीच्या मोठ्या भागाचा उंच-सखलपणा कोणालाही मिळू शकतो, त्यात सह्याद्रीही आला. आकाश क्षेपणास्त्राचे एकही गुपित न उघडता रडारची शंका हुबेहूब दाखवता येते. वास्तवाचा रोख आकड्यावरून निर्णयाकडे वळला, तर गुपितांची ओढही कमी होईल.

तिसरा आक्षेप दोन टोकांकडून येतो. एक म्हणतो, खेळ आहे, खेळासारखा घ्या. दुसरा म्हणतो, युद्धाचे खेळ मुळात नकोतच. ते जितके खरे तितके वाईट. पहिल्याला उत्तर मे २०२५ ने दिले आहे: खेळातले चित्र खेळात राहत नाही, ते बातमी बनून परत येते. दुसऱ्याची कळकळ मला मान्य आहे, पण निष्कर्ष मान्य नाही. हे खेळ आहेत आणि राहणार आहेत. प्रश्न ते काय शिकवतात हा आहे. खेळाने माणूस घडतो किंवा बिघडतो, असा मोठा दावा मी करत नाही. एवढेच म्हणतो की घाईला बक्षीस देणारा खेळ आणि घाईची किंमत मोजायला लावणारा खेळ यांत फरक आहे. ज्या मुलाने पडद्यावर एकदा तरी चुकीचा ठिपका पाडला आणि तो आपलाच होता हे नंतर पाहिले, त्याला बडगामची बातमी वाचताना आत काहीतरी हलेल. युद्धाचा गौरव सर्वज्ञतेतून होतो. शंका त्या गौरवाला वेसण घालते.

हे काम दुसऱ्या कोणी करावे, याची वाट पाहण्याचे कारण नाही. ‘इंडस’ हा खेळ २०२४ मध्ये बाजारात आणणारी सुपरगेमिंग ही कंपनी पुण्याची आहे. ॲनिमेशन आणि गेमिंग उद्योगासाठी महाराष्ट्र सरकारने २०२५ मध्ये स्वतंत्र धोरण मंजूर केले. कौशल्य इथे आहे, भूगोलही इथेच आहे: एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला सह्याद्री, मध्ये खाड्या, कारखाने आणि चार महिन्यांचा पाऊस. रडारच्या प्रत्येक मर्यादेची परीक्षा घेणारा याहून चांगला नकाशा शोधून सापडणार नाही. त्या नकाशावरचा एक डाव असा असावा. पावसाळी रात्र, सरसगडाच्या माथ्यावर रडार, समुद्राकडून एक ठिपका. ओळखीच्या संकेताला उत्तर नाही. उंची कमी, वेग जास्त, घड्याळ चालू. तळावर दोनच क्षेपणास्त्रे शिल्लक. खेळाडू थांबतो, रडार क्षणभर बंद करतो, पुन्हा चालू करतो, ठिपक्याची दिशा पाहतो आणि बटणावरचे बोट उचलतो. थोड्या वेळाने ढगांतून आपलेच बिघडलेले हेलिकॉप्टर बाहेर येते आणि माळावर उतरते. त्या न सुटलेल्या क्षेपणास्त्राला सर्वाधिक गुण देणारा खेळ ज्या दिवशी तयार होईल, त्या दिवशी रडार खऱ्या अर्थाने खेळात आले असे म्हणता येईल.